मागच्या खोलीतली कार्डं

"सोमवारी सकाळी मला मागची खोली रिकामी हवी," सूनबाई म्हणाल्या. "माझा पहिला पेशंट यायचाय. त्याला काय खोक्यांच्या ढिगावर बसवू?"

नवरोबांनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं. "नुसती रिकामी कशाला? सगळं नीट लावूनच टाकतो. त्यासाठी रजा टाकलीये मी."

हे ऐकून सूनबाईंना हायसं वाटलं. तिथेच त्या फसल्या.

सूनबाई हाताच्या दुखण्यांच्या फिजिओथेरपिस्ट. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या दवाखान्यात लोकांची आखडलेली बोटं आणि मनगटं सरळ करून झाल्यावर आता कुठे त्यांनी घरीच स्वतःचं काम सुरू करायचं ठरवलं होतं. उपचाराचं टेबल आलं होतं, खुर्च्या आल्या होत्या, दारावरची पाटीसुद्धा आली होती. नव्हती ती फक्त खोली. खोलीत नवरोबांची कार्डं होती.

कार्डं म्हणजे फुटबॉलपटूंची. पुढे खेळाडूचा फोटो, मागे त्याची उंची, वजन आणि त्याने मारलेले गोल. शाळेत असताना च्युइंगगमच्या पाकिटातून पहिलं कार्ड निघालं, तेव्हापासून नवरोबा ती जमवत आले होते. बुटांच्या खोक्यांत, बिस्किटांच्या डब्यांत, एका बिनकुलपाच्या सुटकेसमध्ये, जिथे जागा सापडेल तिथे कोंबत आले होते. एकूण किती आहेत, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. "वीसेक हजार असतील," असं ते सांगायचे आणि सांगताना लाजण्याऐवजी खुलायचे.

तर लावायला सुरुवात झाली. आता कुठलीही गोष्ट लावायची म्हणजे आधी ती पसरावी लागते, हे सूनबाईंच्या लक्षात यायला दुपार उजाडली. खोलीत जागा पुरेना म्हणून खेळाडू बाहेरच्या खोलीत आले, तिथून जेवणाच्या टेबलावर चढले आणि संध्याकाळपर्यंत पलंगावर जाऊन पडले. माणसांना चालायला एक पाऊलभर वाट उरली. उकाड्याने जीव नकोसा झाला तशी सूनबाईंनी पंख्याच्या बटणाकडे हात नेला.

"पंखा नको!" नवरोबा किंचाळले. "सगळी बचावफळी उडून जाईल!"

दुसऱ्या दिवशी सासूबाई मदतीला आल्या. त्या शेजारच्याच इमारतीत राहायच्या आणि सगळी नोकरी त्यांनी ग्रंथालयात काढली होती. घरात शिरताच कंबरेवर हात ठेवून त्यांनी जमिनीवर नजर फिरवली.

"हे कसं लावतोयस?"

"वर्षाप्रमाणे. दर वर्षीचा संच वेगळा निघतो ना, आई."

"वर्षाप्रमाणे कोणी लावतं का? येणाऱ्याला वर्ष आठवत नसतं. आडनाव आठवतं."

"अगं, पण येणारंय कोण?"

सासूबाईंनी सूनबाईंकडे पाहिलं. सूनबाईंनी भिंतीकडे पाहिलं.

नवरोबा कार्डांसाठी खास लांबट खोकी आणायला बाहेर पडले आणि सासूबाईंनी पदर खोचला. ते परत येईपर्यंत अर्धं घर आडनावांप्रमाणे लागलेलं होतं. नवरोबांनी दारातच खोकी टाकली.

"आई! हा गोलकीपर या ढिगात काय करतोय?"

"त्याचं आडनाव 'ब'वरून आहे."

"तो माझ्या शाळेच्या वेळचा आहे! आणि शेजारी बसवलायस तो गेल्या वर्षीचा पोरगा!"

"मग काय झालं? मीही तुझ्या शाळेच्या वेळचीच आहे. बसते ना तुझ्या शेजारी?"

यावर मायलेकांत जी जुंपली ती दोन वेळच्या जेवणांत मिटली नाही. शेवटी तोडगा निघाला तो असा, की आधी वर्ष आणि त्या वर्षात आडनाव. म्हणजे पुन्हा सगळं पसरायचं. सूनबाईंनी उभ्याउभ्या जेवण उरकलं, कारण खुर्च्यांवर दोन संघ बसले होते.

मग प्लॅस्टिकच्या पाकिटांचं पार्सल आलं. एका पाकिटात एक कार्ड. नुसती कार्डं ठेवली तर कोपरे झिजतात, घामाचे डाग पडतात, असं नवरोबांचं म्हणणं. त्यांनी मोठ्या प्रेमाने एक संच पाकिटांत सरकवला, खोक्यात ठेवायला गेले आणि तिथेच थबकले.

"काय झालं?" सूनबाईंनी विचारलं.

"मावत नाहीये."

"काल तर मावत होता!"

"काल पाकिटं नव्हती. पाकिटाने जाडी वाढते."

"म्हणजे एवढी रजा काढून, एवढी उस्तवार करून तू पसारा दुप्पट केलास?"

"कार्डं तेवढीच आहेत गं," नवरोबा समजुतीच्या सुरात म्हणाले. "फक्त जागा जास्त लागणार."

आणखी खोकी आली. ती ठेवायची कुठे, यावर सूनबाईंनी एकेक जागा सुचवली. न्हाणीघराशेजारच्या बोळात दमट हवा लागते म्हणून नको. खिडकीखाली उन्हाने रंग उडतात. पलंगाखाली धूळ, माळ्यावर झुरळं. अख्ख्या घरात कोरडी, सावलीची, स्वच्छ जागा एकच होती. मागची खोली.

रविवारी संध्याकाळी सूनबाई त्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. आत भिंतीला लागून छातीएवढी खोकी होती, उपचाराच्या टेबलावर कार्डांचे गठ्ठे होते आणि नवी कोरी पाटी पाकिटांच्या ढिगात गाडली गेली होती. त्यांना रडू कोसळलं. नाटकाचं नाही, अगदी खरं.

"आयुष्यभर लोकांच्या दवाखान्यात राबले," त्या म्हणाल्या. "स्वतःची म्हणून एक खोली मागितली, तर तीही या हाफपँटवाल्यांनी बळकावली."

नवरोबा ओशाळले. सासूबाईंनीही हातातला 'म'चा गठ्ठा खाली ठेवला.

"आता थोडंच राहिलंय गं," नवरोबा हळूच म्हणाले. "फक्त पाकिटांत घालायची राहिलीत."

"किती?"

"तो एक संच सोडून सगळी."

सूनबाई झोपायला निघून गेल्या.

सोमवारी नवरोबांची रजा संपली. ते खाली मान घालून ऑफिसला पळाले आणि पाठोपाठ पेशंट आल्या. एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. उजव्या हाताचं प्लॅस्टर नुकतंच निघालेलं, बोटं लाकडासारखी ताठ. सूनबाईंनी त्यांना एका खुर्चीवर बसवलं, हजारदा माफी मागितली आणि त्यांच्या हातात मऊ चेंडू दिला.

"हा दाबायचा, बाई. हळूहळू."

"चेंडू मी जन्मभर जप्त करत आले," बाई म्हणाल्या. "दाबत बसायला मी काय लहान मूल आहे?" आणि त्यांनी चेंडू परत केला.

झालं, पहिलाच पेशंट हातचा गेला, असं म्हणत सूनबाई निदान टेबल तरी मोकळं करावं म्हणून गठ्ठे उचलायला लागल्या. मागून बाईंचा आवाज आला.

"या मुलाला घरात कंगवा नाही का?"

बाईंच्या हातात एक कार्ड होतं. डाव्या हातात पाकीट धरून उजव्या हाताच्या अंगठ्याने आणि बोटाने त्या ते आत सरकवायच्या खटपटीत होत्या. कार्ड निसटलं. बाईंनी ते चिमटीत उचललं. पुन्हा निसटलं, पुन्हा उचललं. मघाशी चेंडूभोवती जराही न वाकलेलं बोट वाकत होतं. सूनबाई गठ्ठा हातात धरून बघतच राहिल्या. याच हालचालीसाठी दवाखान्यात त्यांना लोकांच्या विनवण्या कराव्या लागायच्या.

"बाई," त्या जपून म्हणाल्या, "अजून एक घालाल?"

बाईंनी गठ्ठा संपवला. वर त्याचे दोन भागही केले. केस विंचरलेले एकीकडे, न विंचरलेले दुसरीकडे. "उद्या येते," जाताना त्या म्हणाल्या. "बरेच वाह्यात राहिलेत अजून."

बाईंची जीभ मुळातच चांगली चालायची. महिन्याभरात खोलीबाहेर खुर्च्या मांडाव्या लागल्या. एक मेकॅनिक आला, एक बेकरीवाला आला, विणकाम करून करून बोटं आखडलेल्या एक आजी आल्या. सासूबाई दाराशी बसून ज्याला त्याला गठ्ठा द्यायच्या आणि जाताना मोजून परत घ्यायच्या. निवृत्तीनंतर इतक्या खुशीत त्यांना कोणी पाहिलं नव्हतं.

एक दिवस नवरोबा ऑफिसमधून लवकर आले आणि आत डोकावून जागच्या जागी गार झाले.

"अगं, त्याचे हात तेलकट आहेत!"

"मेकॅनिक आहे तो. आज पहिल्यांदा त्याची करंगळी हलली."

"आणि त्या आजी काय करतायत? आडनाव नाही, वर्ष नाही!"

"त्या जर्सीच्या रंगावरून लावतात. त्यांना तसं बरं वाटतं."

नवरोबांनी कपाळाला हात लावला. "जाऊ दे. निदान सगळी पाकिटांत तर गेली असतील?"

"गेली होती," सूनबाई म्हणाल्या. "मागच्याच आठवड्यात."

"होती म्हणजे?"

"संपली ना सगळी. मग पेशंटना द्यायचं काय? आईंनी आणि मी बसून पुन्हा बाहेर काढली."

नवरोबा एकदम उसळले. "मी आत्ताच्या आत्ता सगळं माळ्यावर टाकतो! अख्खी खोली रिकामी करून देतो तुला!"

"हात लावायचा नाही," सूनबाई म्हणाल्या. "उपचार चालू आहेत." आणि त्यांनी दार लावून घेतलं.

नवरोबा बाहेरच्या खुर्चीत मटकन बसले. शेजारी बेकरीवाला आपल्या पाळीची वाट बघत होता. त्याने त्यांच्याकडे आपुलकीने पाहिलं.

"तुमचा कुठला हात?"

"हात नाही हो," नवरोबा रडवेले होऊन म्हणाले. "ती कार्डं माझी आहेत."

बेकरीवाल्याने समजूतदारपणे मान हलवली.

"सुरुवातीला मलाही तसंच वाटायचं," तो म्हणाला. "येत राहा. होईल कमी."