वाढ्यासाठी घागर

मी फक्त घराला एक चक्कर मारून परत यायचं ठरवलं होतं. एवढ्याशा कामाला अख्खी गल्ली गोळा होईल असं वाटलं नव्हतं. (मला आधी काहीच वाटत नाही. नंतर सगळं वाटतं.)

वाढ्या म्हणजे आमचं मांजराचं पिल्लू. चारा छावणीत उसाच्या वाढ्याखाली, म्हणजे जनावरांना घालायच्या शेंड्यांच्या ढिगाखाली, दादाला सापडलं, तेव्हा पक्कं रानटी होतं. दादाचे दोन्ही हात त्यानं ओरबाडून काढले. दादा रोज बशीत दूध ठेवायचा आणि पाठ करून बसायचा. शेवटी एकदा ते आपणहून त्याच्या मांडीवर चढलं. मग दादा तापानं गेला. घरात उरलो मी आणि वाढ्या.

शेजारच्या छबूकाकू सोबतीला झोपायला आल्या होत्या. "मी काय लहान हाय का?" म्हणून मीच त्यांना भाकरीसकट परत पाठवलं.

दादाची दूध सोसायटीतली जागा सचिव आप्पारावांनी मला दिली. पण मी उंबऱ्याबाहेर पाय टाकला की वाढ्या असा टाहो फोडायचा की छावणीतल्या म्हशी उठून उभ्या राहायच्या. म्हणून मी त्याला पिशवीत घालून सोसायटीत नेलं. (मांजर आणि दूध यांचा काही संबंध असतो, हे ध्यानात आलं नाही.) पहिल्याच दिवशी ते चेअरमनच्या घरच्या कॅनमध्ये डुबकी मारून निघालं.

"जालिंदर," आप्पाराव म्हणाले, "उद्या एकटा ये. मांजर आणणार असशील तर तू बी येऊ नको."

दादाची जागा गेली असती, तर दादाचं दुसरं होतंच काय? मी छावणीतल्या जनावरांच्या डॉक्टरकडे पळालो.

"ते एकदा फसलंय," डॉक्टर म्हणाले. "त्याला वाटतंय, गेलेला माणूस येतच न्हाई. थोडं थोडं सोडून जा अन् लगेच परत ये. तुझा वास असलेलं कापड ठेव."

(दुष्काळात आमच्याकडे पाणी नव्हतं. वास भरपूर होता.)

"जाताना जे उचलतोस ते उचल, बोलू नको, मागं वळून बघू नको."

मागं बघायचं नाही, हे मी अलीकडेच ऐकलं होतं, मसणवट्यातून निघताना. तेव्हा मी दोनदा वळून बघितलं होतं.

घरी आलो. मी बाहेर निघतो तो टँकरला, तेव्हा उचलतो ती मातीची घागर. कोरडी पडून तडकू नये म्हणून तिच्या तळाला थोडं पाणी असतंच. घागर गळकी. ती खांद्यावर घेतली, तोंड मिटलं आणि मागं न बघता घराला फेरी मारली. आत वाढ्याचा टाहो. दुसरी फेरी. टाहो जरा बारीक. तिसऱ्या फेरीला छबूकाकूंनी किंकाळी फोडली.

"आरं ए जालू! कुणाचं करतूस हे?"

मी बोललो नाही. (डॉक्टरांनी सांगितलं होतं.)

"गळती घागर, तोंड बंद, मागं बघंना! आवो पळा, पोरगं भावामागं चाललं!"

"काकू, मांजरासाठी हाय हे!" मला शेवटी बोलावंच लागलं.

"मांजर मेलं?"

"न्हाई, जितं हाय!"

"मग जित्याची घागर कशापायी फिरवतूस रं?" काकूंच्या मालकांनी विचारलं. ते सहसा बोलत नाहीत.

आप्पाराव सायकलवरून धापा टाकत आले. त्यांनी घागर काढून घेतली, मला खाली बसवलं आणि फर्मान काढलं, "याला एकटं सोडायचं न्हाई."

त्या क्षणापासून आमच्या घरात माणूस हटला नाही. एक उठला की दुसरा. पिठलं, भाकरी, ठेचा. मीही जेवलो. बऱ्याच दिवसांनी पोटभर. वाढ्या या मांडीवरून त्या मांडीवर.

सकाळी मी एकटा सोसायटीत गेलो. पण जीव कुठं लागतो? दूध ओतता ओतता वाटलं, पिल्लू रडून रडून मरेल. मी कॅनचं झाकण हातात घेऊन तसाच घरी पळालो.

वाढ्या छबूकाकूंच्या मांडीवर पालथा पडून घोरत होता.

"वाढ्या!"

त्यानं एक कान हलवला. डोळा उघडला नाही.

मला एकदम रडूच आलं. दारात उभा राहून मी असा टाहो फोडला की छावणीतल्या म्हशी पुन्हा उठल्या असतील.

काकूंनी मला रडू दिलं. मग कोपऱ्यातल्या घागरीकडे बोट केलं.

"उचल ती. सोसायटीपस्तोर जा अन् सांच्याला ये. मी हाय हितंच. मागं बघायचं न्हाई."

मी घागर खांद्यावर घेऊन निघालो. (दोनदा वळून बघितलं. वाढ्यानं एकदाही नाही.)