ऑफिसचा फोन तांड्यावर

"फॉरवर्डच तर करायचं! त्याले काय रॉकेट उडवा लागते?" असं म्हणत बबिताने कॉर्डलेस फोनचा हँडसेट उचलला. यवतमाळची अख्खी टेलिफोन लाइन जणू तिच्या माहेरची!

लोहाऱ्याच्या अय्यूबभाईंच्या मोटर वाइंडिंग वर्कशॉपात ऑफिस म्हणजे बबिताच. मोटरींच्या घरघरीत अय्यूबभाईंचे कान अर्धे गेलेले, म्हणून फोन तिच्याकडे. आज मात्र तिची लेक वर्षा नर्सिंग कॉलेजात हातात मेणबत्ती घेऊन शपथ घेणार होती. घराण्यातली पहिली नर्स!

"जा बबिताबाई, खुशीनं जा," अय्यूबभाई म्हणाले. "पन मारेगावच्या जिनिंगवाल्याची जळकी मोटर आपल्याकडे पडून हाय. तो फोन करन. दोन वेळा सुटला त्याचा फोन. आता सुटला तं सीजनचं पूरं काम गेलं! मंग वर्कशॉपले कुलूप लावू अन् दोघंही शेवया विकू."

ऑफिसचे फोन आपल्या मोबाइलवर यावेत म्हणून बबिताने कोड दाबला, नंबर दाबला. सेवा सुरू झाल्याचं फोनमधली बाई गोड आवाजात बोलली. पर्स उचलून बबिता निघाली.

कॉलेजात मेणबत्त्या पेटल्या. सगळं चिडीचूप. आणि बबिताच्या पर्समधून "टूं... टूं... टूं!"

तिने मोबाइल काढला. तो गप्प! आवाज करत होता ऑफिसचा हँडसेट. निघायच्या घाईत मोबाइलसोबत तोही पर्समध्ये कोंबला होता, आणि ऑफिसातल्या त्याच्या बेसची रेंज सुटल्यामुळे जत्रेत आईचा हात सुटलेल्या पोरासारखा तो बोंबलत होता! स्टेजवर वर्षाने डोळे मिटून घेतले.

बबिता बाहेर पळाली. हँडसेटची बॅटरी उपसली. मग मोबाइल पुन्हा पाहिला. सकाळपासून मोबाइलवर एकही फोन कसा नाही? तिने ऑफिसचा नंबर लावून पाहिला.

"हालो! राम राम! जेवला का?"

"याडी?" बबिता किंचाळली. आईचाच आवाज! "तू ऑफिसात काय करून राह्यली?"

"मी कायले ऑफिसात जाऊ? खाटेवर शेंगा फोडून राह्यली," बिजलीबाई म्हणाली. "फोनवर फोन येऊन राह्यले. सारे तुह्या ओळखीचे हायेत का वं?"

बबिताच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कितीतरी वर्षं माहेरच्या तांड्यावर रेंज फक्त बिजलीबाईच्या निंबाखाली यायची. शाळेत, बँकेत, रेशन दुकानात अख्खा तांडा तिचाच नंबर द्यायचा. बबिताही! स्वतःचा नंबर माणूस कधी लावतो का? फॉरवर्ड करताना बोटं बिचारी सवयीने माहेरच्या नंबरावर गेली होती!

"मारेगावचा फोन आलता?"

"आलता ना! लय तणतणत होता. म्हनलं, बापू, आधी पानी पे. जेवला का? म्हने, सकायपासून चहावर हावो. म्हनलं, मोटर भरून भेटन, तू कायले रिकाम्या पोटी राह्यतं? मंग त्यानं डबा खोलला. लेकरायचं सांगतलं, बायकोच्या गुडघ्याचं सांगतलं..."

"अन् मोटरीचं?"

"सांजेपर्यंत पोचते म्हनलं. शब्द देला! आपले बापजादे बैलावर मीठ वाहत होते. शब्द देल्ला माल कधी रस्त्यात राह्यला नाही."

मोटर तर उद्या होणार होती! बबिता ऑटोने वर्कशॉपात धडकली आणि अय्यूबभाईंच्या कानात सगळं ओरडून सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला. मग हसायलाच लागले.

"याडीनं शब्द देला ना? मंग तो आपलाच झाला. चला!"

त्या दिवशी वर्कशॉपात कोणी बसून जेवलं नाही. दिवस बुडता बुडता मोटर मारेगावात उतरली. थोड्या वेळाने बिजलीबाईचा फोन: "तो बापू म्हने, सीजनचं सारं काम तुमच्याकडेच. पन फोन त्या आजीनंच उचलला पाह्यजे. सीजन लागल्यापासून जेवला का म्हनून कोनी इचारलंच नाही म्हने त्याले."

बबिताने तांड्याच्या दिशेने हात जोडले. त्या एका नंबरने आजवर अख्खा तांडा सांभाळला, आज तिची नोकरीही सांभाळली. अय्यूबभाईंनी बिजलीबाईला मावा जिलेबी पाठवली आणि बबिताला बजावलं, "फॉरवर्ड काढू नका!"

पुढे एका गारठ्याच्या सकाळी बबिताला अंथरूण सोडवेना. रजा सांगायला तिने ऑफिसला फोन लावला.

"हालो! राम राम! जेवला का?"

बबिताने जीभ चावली. "याडी... मी आज नाही येत म्हनून अय्यूबभाईले सांगतं का? अंग दुखून राह्यलं."

"भाकर खाय अन् निघ!" बिजलीबाई कडाडली. "ऑफिस मी एकटीनं कितीक सांभाळू?"