पुराव्याअभावी कार पार्कमध्ये

ज्या माणसाला फलाटावरची प्रत्येक वस्तू अस्सल हवी असते, तो स्वतः त्या फलाटावर पाऊल का ठेवत नाही? या एका प्रश्नाचे उत्तर शोधावे म्हणून मी हे लिहायला घेतले. प्रश्नातला माणूस म्हणजे डॉ. आगाशे, निवृत्त भूलतज्ज्ञ. आम्हा सर्वांचे आगाशे काका.

काका तुम्हाला भेटले, तर नमस्काराआधी तुमच्या मनगटाकडे पाहतील. मग बटणांकडे, मग बुटांकडे. आमची पहिली भेट अशीच झाली. मी इंग्लंडमधल्या मेडनहेड गावच्या एका शाळेत गणित शिकवते. सहलीसाठी एक जुनी रेल्वे पाहून यावी, म्हणून मी आणि माझे यजमान दोन तास गाडी हाकत तिथे पोहोचलो होतो. एका शेतात तात्पुरते कार पार्क उभारलेले होते. झगझगीत पिवळे जाकीट घातलेला एक उंच वृद्ध गृहस्थ हात हलवून गाड्या लावून घेत होता. आमचे मराठी त्याच्या कानावर पडले.

"डावीकडे घ्या, डावीकडे! आणि बाई, ते डिजिटल घड्याळ पर्समध्ये टाका. त्याचा अजून जन्म व्हायचाय."

येथे थोडा खुलासा आवश्यक आहे. ब्रिटनमध्ये तोट्यात गेल्यामुळे बंद पडलेले अनेक छोटे रेल्वेमार्ग हौशी मंडळींनी पुन्हा सुरू केले आहेत. इंजिन वाफेचे, कर्मचारी बहुतेक निवृत्त आणि पगार शून्य. अशा रेल्वेवर वर्षातून एकदा दुसऱ्या महायुद्धाचा वीकेंड साजरा होतो. स्टेशनात वाळूची पोती रचतात, भोंगा वाजतो, आणि परगावाहून आलेली माणसे सैनिक, परिचारिका, पोस्टमन अशा वेशांत दोन दिवस हिंडतात. हे सारे कितपत खरे दिसते, हे पाहण्याचे काम काकांकडे होते. ते त्यांच्याकडे कोणी दिले, हे मला शेवटपर्यंत समजले नाही. बहुधा त्यांनी ते घेतले असावे.

त्यांचा आवडता शब्द एकच: "पुरावा?" हा शब्द ते आवाज न चढवता, ऑपरेशनच्या टेबलावरील माणसाशी बोलावे तसा उच्चारत. एका अमेरिकन सैनिकाने खिशाचे झाकण उघडले आणि कर्र असा आवाज झाला. काका फलाटाच्या कुंपणाबाहेर, बऱ्याच अंतरावर होते. तेथून त्यांनी, गवतात साप दिसावा तशी, "वेल्क्रो!" अशी आरोळी ठोकली. वेल्क्रो हा युद्धानंतरचा शोध; बिचाऱ्याने उरलेला दिवस खिशावर हात दाबून काढला.

दुसरी गोष्ट जर्मनांची. जर्मन सैन्य या गावात कधीही पोहोचले नव्हते. तरीही दरवर्षी त्याचे चार अधिकारी चहाच्या रांगेत शिस्तीने उभे असत. काकांनी पुरावा मागितला. चौघांनी आपापसांत विचारविनिमय करून उत्तर दिले, की आम्ही युद्धकैदी आहोत.

"कैदी? आणि कमरेला पिस्तूल?"

पिस्तुले गाडीच्या डिकीत गेली. कैद्यांना चहा मात्र मिळाला. त्याला काकांची हरकत नव्हती.

सर्वांत गाजली ती पाट्यांची हकीकत. युद्धकाळात शत्रूला ठावठिकाणा लागू नये म्हणून स्टेशनांची नावे काढून टाकली होती. ही गोष्ट इतिहासाला धरून आहे. काकांनी समितीच्या मागे लागून आपल्या स्टेशनाच्या सर्व पाट्या उतरवल्या. परिणाम असा झाला, की वृद्धाश्रमाच्या सहलीतील सगळी मंडळी आपले स्टेशन कोणते हे न कळल्यामुळे थेट शेवटच्या स्टेशनावर गेली आणि त्यांचे जेवण इकडे थंड झाले. समितीचे चिटणीस ब्रायन लालबुंद होऊन कार पार्कमध्ये आले. काका आनंदाने फुलून गेले होते.

"अहो, तेव्हा अगदी अस्संच व्हायचं! याहून अस्सल काय पाहिजे तुम्हाला?"

काकांची पत्नी शैलाकाकू या छंदाकडे दुरून पाहत. वीकेंडच्या आधीचा आठवडा काका घरी रेशनवर काढत: आठवड्याला एक अंडे आणि चिमूटभर लोणी.

"जन्मभर दुसऱ्यांना भूल दिली, आता स्वतःच गुंगीत आहेत," काकू मला म्हणाल्या. "अगं, एक अंडं म्हणतात खरे, पण माझ्या ताटातल्या शिऱ्याला नाही म्हणत नाहीत. शिरा म्हणे रेशनच्या यादीत नव्हता!"

आता मूळ प्रश्नाकडे वळते. एवढे जाणकार काका फलाटावर न जाता शेतात पिवळे जाकीट घालून का उभे? माझी पहिली शंका अशी, की कोणीतरी त्यांना तिकडे ढकलले असावे. ही शंका चुकीची निघाली. ब्रायन तर त्यांना दरवर्षी आग्रह करीत असत. एकदा त्यांनी मोठ्या उत्साहाने सुचवले, "डॉक्टर, तुम्ही महाराजा व्हा! मी फेटा आणतो!"

"थर्ड क्लासच्या डब्यातून महाराजा?" काका म्हणाले. "आणि त्याचे नोकरचाकर काय पुढच्या गाडीने येणार?"

"मग साधे प्रवासी व्हा. कोणाची काही हरकत नाही."

"हरकत नाही, हा पुरावा नव्हे."

अखेर मी त्यांना सरळच विचारले.

"मास्तरीणबाई," ते म्हणाले, "तुम्ही गणितवाल्या, तुम्हाला कळेल. युद्धात या देशात भारतीय होते का? होते. खेचरं घेऊन आलेले सैनिक होते, कारखान्यात शिकायला आलेली मुलं होती, डॉक्टर होते. पण या फलाटावर होते का? त्याला पुरावा नाही. मग मी तिथं उभा राहिलो, तर माझ्यात आणि त्या वेल्क्रोत फरक काय?"

त्यांनी वाळूच्या पोत्यांकडे बोट दाखवले.

"ती पोती तागाची आहेत. ताग बंगालचा. आत चहा चाललाय, तो आसामचा. आपला माल फलाटावर पोचल्याचा पुरावा आहे. माणूस पोचल्याचा नाही."

हे बोलताना ते हसत होते, म्हणून मीही हसले. परंतु काकूंनी मला बाजूला घेतले. गाडीच्या डिकीत कव्हर घातलेला एक कोट होता. राखाडी, दुहेरी बटणांचा, युद्धकाळातील. सोबत हॅट. काकांनी तो कित्येक वर्षांपूर्वी शोधून विकत घेतला होता.

"दरवर्षी इस्त्री करून घेतात, डिकीत ठेवतात, आणि दोन दिवस पिवळं जाकीट घालून उभे राहतात. मग संध्याकाळी कोट परत घरी. आता पुढच्या महिन्यात आम्ही ग्लासगोला मुलीकडे राहायला जातोय, कायमचे. हा शेवटचा वीकेंड. मी म्हटलं, अहो, घाला एकदा, कोण विचारतंय? तर म्हणाले, मी विचारतोय."

त्या शनिवारी दुपारी फलाटाच्या कुंपणाबाहेरच्या चहाच्या खोलीत काका, काकू आणि मी बसलो होतो. शेजारी जोन विणकाम करीत होत्या. त्या काकांच्याच वयाच्या. त्यांचे वडील याच स्टेशनावर हमाल होते आणि त्यांचे बालपण रुळांपलीकडच्या घरात गेले होते. कोट घालण्यावरून काकूंनी पुन्हा विषय काढला, यावेळी इंग्रजीत, जोनना ऐकू जाईल अशा बेताने. जोनच्या सुया थांबल्या.

"पण इथे एक इंडियन डॉक्टर यायचे की," खिडकीबाहेर फलाटाकडे बोट करत त्या म्हणाल्या. "युद्ध चालू होतं, मी लहान होते. त्या बाकावर बसायचे, गाडीची वाट बघत."

काकांनी कप खाली ठेवला. मग भूल देण्यापूर्वी रुग्णाला विचारावेत तसे प्रश्न सुरू झाले. कोणत्या बाकावर? कोणत्या बाजूची गाडी? अंगात काय होते?

"कोट. राखाडीच असावा. डोक्यावर हॅट."

"तुमच्याशी बोलले कधी?"

"थंडी फार आहे म्हणाले. आणि मला त्यांनी केळं दिलं."

येथे वाचकांना एक गोष्ट सांगितली पाहिजे. युद्ध सुरू झाल्यावर लवकरच ब्रिटनमध्ये केळी येणे बंद झाले. जहाजांना त्याहून महत्त्वाची कामे होती. कित्येक मुलांनी केळे पाहिले ते युद्ध संपल्यावरच, आणि ते सालीसकट खावे की कसे, हेही त्यांना ठाऊक नव्हते. हे मला काकांनीच शिकवले होते. म्हणजे जोनची स्मृती तरी घसरली होती, किंवा काकूंचे बोलणे ऐकून त्या भल्या बाईने एक डॉक्टर जागच्या जागी निर्माण केला होता. काकूंनी माझ्याकडे पाहिले. मी टेबलाकडे पाहिले. तो एक शब्द आता येणार, याची आम्हा दोघींनाही खात्री होती.

काकांनी खिडकीतून त्या बाकाकडे पाहिले. मग त्यांनी अगदी हळू विचारले,

"पिकलेलं होतं?"

"उत्तम पिकलेलं," जोन म्हणाल्या आणि पुन्हा विणू लागल्या.

काका उठले. पिवळे जाकीट त्यांनी काढले, नीट घडी घालून ब्रायन यांच्या हातात दिले आणि ते डिकीकडे चालू लागले.

थोड्या वेळाने ते फलाटावर आले. कोट खांद्यांत किंचित सैल झाला होता. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कोणी थांबूनही पाहिले नाही. चार युद्धकैदी बाजूने चहा घेऊन गेले. काका त्या बाकावर बसले, हॅट मांडीवर ठेवली आणि रुळांकडे पाहत राहिले. काकू त्यांच्याजवळ गेल्या आणि अडखळल्या.

"अहो, माझं हे अनोरॅक जाकीट नायलॉनचं आहे."

"असू दे. बस."

मला राहवले नाही. मी मागे उभी राहून हळूच म्हणाले, "काका, ते केळं…"

"ठाऊक आहे गं." त्यांनी मान वळवली नाही. "मी या गावात नोकरीला आलो ना, तेव्हा हॉस्पिटलपासून खोलीपर्यंत लोक वळून वळून बघायचे. वाईट मनाची नव्हती माणसं. पहिल्याकडे बघतातच. मला एवढंच हवं होतं, की पहिला दुसराच कुणीतरी असावा."

गाडी आली. वाफेत थोडा वेळ बाक दिसेनासा झाला, मग पुन्हा दिसला. दोघेही तिथेच होते.

प्रश्नाचे उत्तर मला असे मिळाले. मात्र त्या डॉक्टरांविषयी माझ्याजवळ जोनच्या शब्दाखेरीज काही नाही, आणि तो शब्द केळ्यापाशी डळमळतो. तो डॉक्टर खरोखर येत असेल, आणि त्याने दिलेली वस्तू दुसरीच काही असेल, हेही शक्य आहे. मी हे पडताळू शकलेले नाही. आपल्यापैकी जे या देशातील लहान गावांत राहतात, त्यांनी आपल्या स्टेशनाजवळच्या वृद्ध माणसांना एकदा विचारावे, की आमच्याआधी इथे कोणी आले होते का. जे उत्तर मिळेल ते माझ्या सांगण्यावर न सोडता स्वतः तपासून पाहावे, एवढी विनंती.