पुपुलच्या बाटलीत काय होतं

"सकाळी चार गोळ्या, संध्याकाळी चार. हात लावायचा नाही. झाकणात घ्यायच्या आणि थेट जिभेवर," असं म्हणत कस्तुरीने काचेची इवलीशी बाटली वहिनीच्या तळहातावर ठेवली.

पौलमीने बाटली उजेडात धरली. आत साबुदाण्याएवढ्या पांढऱ्या गोळ्या, बाहेर नुसता एक आकडा. "आणि आत काय आहे?"

"ते मलाही माहीत नाही, बौदी."

डॉक्टरलाच ठाऊक नसलेलं औषध आपल्या अडीच वर्षांच्या मुलीला द्यायचं, हे पौलमीच्या पचनी पडेना. तशी नणंद काही वेडगळ नव्हती. श्रीरामपूरजवळच्या एका होमिओपॅथी कॉलेजात ती एम.डी. करत होती आणि लहान मुलांची सारखी होणारी सर्दी हा तिच्या प्रबंधाचा विषय होता. निम्म्या मुलांना पल्सेटिला, निम्म्यांना नुसत्या साखरेच्या गोळ्या. कोणाच्या वाट्याला काय आलं, ते कॉलेजच्या कपाटात कुलूपबंद.

"म्हणजे पुपुलला कदाचित नुसती साखर," पौलमी म्हणाली.

"कदाचित. पण मुलांच्या डॉक्टरांनी छाती तपासलीय ना? साधी सर्दी, या वयात होतेच, म्हणाले. ताप आला, धाप लागली, तर सरळ त्यांच्याकडे जायचं. नाहीतर मधे दुसरं काही द्यायचं नाही. मा लावते ते लसणाचं तेल बंद, बाबांची पेटी बंद." कस्तुरीचा आवाज उतरला. "बरीच मुलं आधीच चाचणीतून गळलीयत गं. आता एक जरी गेलं तरी प्रबंध बुडाला, वर्ष फुकट. सरांनी तोंडावर सांगितलंय."

"पेटीवाल्याला कोणी विचारलंय का?" वर्तमानपत्रामागून आवाज आला. पौलमीचे सासरे हरिसाधनबाबू निवृत्त पोस्टमास्तर, पण गल्लीत त्यांची ओळख डाक्तारबाबू अशीच. शिसवी पेटीत ओळीने मांडलेल्या बाटल्यांतून ते साऱ्या मोहल्ल्याला फुकट गोळ्या वाटत. "ही मुलगी पल्सेटिलाची नाहीच. डोक्याला घाम, गुबगुबीत, हट्टी. ही सरळसरळ कॅल्केरिया."

"बाबा, चाचणीत सगळ्यांना एकच औषध असतं."

"मग ती होमिओपॅथी कसली? हा पूजेच्या मंडपातला खिचडीभोग झाला. येईल त्याला तीच पळी."

सासूबाई निभादेवी नातीच्या हनुवटीखाली माकडटोपीचं बटण लावत होत्या. "माझं तेल का बंद? तेल काय भांडायला जातं तुझ्या गोळ्यांशी?"

"वासाने गुण जातो म्हणतात, मा."

"एवढं नाजूक औषध," निभादेवी पुपुलला म्हणाल्या, "आणि ते या राक्षशिणीची सर्दी घालवणार."

चाचणी सुरू झाली. पौलमीने भूगोलात पदवी घेतली होती, पण लग्नानंतर तिचा सारा भूगोल पुपुलच्या नाकापासून घशापर्यंत येऊन थांबला होता. नवरा कामासाठी दुर्गापूरला, शनिवारी यायचा. बाकीचे दिवस पुपुल शिंकली की पौलमीच्या पोटात गोळा यायचा. आणि आता प्रत्येक वेळी गोळ्या देताना मनात एकच: आपण लेकीला साखर भरवतोय. शेजारच्या कोण्या मुलाला औषध आणि हिला साखर.

शेवटी तिने विचार करून पाहिला. बाटलीत पल्सेटिला असेल, तर आपण पल्सेटिला आणून भरलं तरी फरक पडत नाही. साखर असेल, तर पुपुलचा फायदा. म्हणजे कुठल्याही बाजूने पाहिलं तरी कस्तुरीचं नुकसान शून्य. हा हिशेब तिला इतका पटला, की चप्पल घालून ती कोपऱ्यावरच्या होमिओपॅथीच्या दुकानात पोचलीसुद्धा.

"घरात डाक्तारबाबू असताना तुम्ही इथे, बौमा?" दुकानदार पुडी बांधत म्हणाला. गल्लीतल्या साऱ्या सुना त्याच्या बौमाच.

"बाबांना सांगू नका."

"या दुकानात येणारं प्रत्येक माणूस हेच म्हणतं," तो म्हणाला.

जुन्या गोळ्या मोरीत गेल्या, नव्या बाटलीत आल्या. पौलमीला त्या दिवशी गाढ झोप लागली.

थोड्या दिवसांनी बाटली तिरकी करताना तिचा हात थबकला. गोळ्या मोहरीएवढ्या दिसत होत्या. तिने डोळे चोळले. आपल्याला भास व्हायला लागले की काय? विचारणार तरी कोणाला? 'माझ्या गोळ्या लहान कशा झाल्या' असं विचारलं, की 'तुझ्या म्हणजे कुठल्या' हा प्रश्न ठरलेला. पुढच्या आठवड्यात गोळ्या पुन्हा साबुदाण्याएवढ्या झाल्या, तेव्हा मात्र तिने बाटली जपून फळीवर ठेवली आणि लांबूनच तिला नमस्कार केला.

एवढ्यात पुपुलचं नाक सुकलं. ती रात्रभर झोपू लागली, दिवसभर माकडटोपी फेकून अंगणात धावू लागली.

तपासणीच्या दिवशी कस्तुरीने बॅटरी घेऊन भाचीचं नाक पाहिलं, घसा पाहिला आणि तिचा चेहरा खुलला. "बौदी, इतका गुण माझ्या एकाही मुलात नाही. आज पहिल्यांदा सरांसमोर मान वर करून जाईन."

पौलमीच्या हातातला मुडीचा, कुरमुऱ्यांचा वाडगा तसाच राहिला. गप्प बसली तर कस्तुरीचं वर्ष वाचत होतं. पण तो प्रबंध उद्या कोणीतरी वाचणार. आपल्यासारखीच एखादी आई, शिंकणारं पोर मांडीवर घेऊन, त्यातल्या प्रत्येक ओळीवर विश्वास ठेवणार.

"कस्तुरी, बाटलीतलं औषध तुझं नाही. मी बदललं. दुकानातून पल्सेटिला आणून भरलं."

कस्तुरीच्या आधी हरिसाधनबाबूंनी मान वळवली. "कधी?"

"सरस्वतीपूजेच्या आधी, बाबा."

"अस्सं. म्हणजे मी मोरीत ओतलं ते तुझं होतं."

"बाबा, तुम्हीपण बदललंत?" कस्तुरीचा आवाज बारीक झाला.

"मी बदललं नाही. दुरुस्त केलं." त्यांनी चष्मा पुसला. "आणि गुण आलाय तो कॅल्केरियाला आलाय, तेवढं नीट लिहून घे."

"म्हणजे इतके दिवस पल्सेटिला घेऊन नाक बरं होत आलं होतं, ते काहीच नाही?" पौलमी बोलून गेली.

"बौमा, तुझ्या पल्सेटिलाने फार तर दार उघडलं असेल. आत कोण गेलं?"

दोघांचं असं चाललं असताना कस्तुरी स्टेथोस्कोप गळ्यात घेऊन जमिनीवर बसली होती. घरचंच मूल गळलं होतं, तेही घरच्यांच्याच हातून. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. निभादेवींनी तिच्यासमोर भात आणि माशाचं कालवण आणून ठेवलं. "आधी जेव. रिकाम्या पोटी रडू नये."

कस्तुरी न जेवता गेली. त्यानंतर तिचा फोन नाही, निरोप नाही. पौलमी रोज फोन उचलायची आणि नंबर न लावताच ठेवून द्यायची. आपल्या शहाणपणापायी त्या मुलीचं वर्ष गेलं, हे तिला पुपुलच्या कुठल्याही खोकल्यापेक्षा जास्त लागलं होतं.

मग एका सकाळी कस्तुरी आली ती मिठाईचा खोका घेऊन. चपला काढायच्या आधीच बोलू लागली. "बौदी, तू सांगितलंस म्हणून मी बाकीच्या घरी गेले. प्रत्येक आईला तुझी गोष्ट सांगितली. पहिलीने हातातलं ताट खाली ठेवलं आणि म्हणाली, 'आमच्याकडेही आजोबा आहेत.' एका घरी मावशीने बदललं. एका घरी आजोबा पोराच्या गोळ्या स्वतःच्या गुडघ्यासाठी खात होते, आणि गुडघा बरा आहे म्हणे."

"आणि सर?"

"खूप वेळ हसले. मग चष्मा लावून म्हणाले, हे लिही. चाचणीचं औषध घरात गेल्यावर त्याचं काय होतं, हे आजवर आपण कोणाला विचारलंच नाही. विषय बदलून मिळाला, वर्ष वाचलं. फक्त आता प्रत्येक घरातून खरं ते सगळं हवं, एकेकाशी बोलून. सुरुवात आपल्या घरापासून."

पौलमी खोका ठेवायला स्वयंपाकघरात गेली, तर मागोमाग निभादेवी आल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं. "बौमा, तू एकदा आणि ते एकदा, गोळ्या बदलताना मी दोन्ही वेळा पाहिलं. एवढ्याशा पोटात दोन-दोन औषधं. मला धीर निघेना. मी सगळं ओतून दिलं आणि त्यांच्या पेटीतल्या मोठ्या कोऱ्या गोळ्या भरल्या. ज्यांच्यावर ते औषधाचे थेंब टाकतात, त्याच. नुसती साखर."

"मा, म्हणजे पुपुल…"

"आपली आपण बरी झाली. थंडी सरली, सर्दी सरली. कस्तुरीला सांगेन मी. पण त्यांना कळू देऊ नकोस हं. आयुष्यभर त्या पेटीवर विश्वास ठेवलाय माणसाने. या वयात कशाला मोडायचा?"

पौलमी कबूल झाली. बाहेर आली, तो व्हरांड्यातून खूण झाली. हरिसाधनबाबू पेटी उघडून बसले होते.

"माझी कोऱ्या गोळ्यांची बाटली अर्धी झालीय," ते हळू आवाजात म्हणाले. "या घरात माझी पेटी उघडायची हिंमत एकाच बाईत आहे. तेव्हा पुपुल कशावर बरी झाली ते मला कळलं. तिला सांगू नकोस मला कळलं म्हणून. मी कॅल्केरियाचा गर्व करतो ना, त्यावर ती मनातल्या मनात हसते. तिला हसू दे."

"पण बाबा, थेंब टाकायला त्या रोजच लागतात ना, मग अर्धी झाली हे कसं कळलं? त्या एका बाटलीवर एवढी नजर कशाला?"

त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहून घेतलं. "तुझ्या सासूची छाती धडधडते ना अधूनमधून? मोठ्या डॉक्टरांना दाखवलंय, हृदय ठणठणीत आहे. काळजी करते, दुसरं काही नाही. तिला काय देऊ? तिला मी त्या कोऱ्या गोळ्याच देतो. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून."

पौलमीला हसू आलं. दोघांची दोन गुपितं आता तिच्या एकटीकडे होती.

तेवढ्यात कस्तुरीने आतून हाक मारली. "चला, या घरातलं पहिलं कोण? शेवटी बाटलीत नेमकं होतं तरी काय?"

सासू दारात, सासरे व्हरांड्यात, आणि दोघांचेही डोळे सुनेवर.

"एकेकाला आत घे," पौलमी म्हणाली. "दार लाव. आणि याचं त्याला काही सांगू नकोस."

आधी हरिसाधनबाबू आत गेले. निभादेवी बाहेर येरझारा घालू लागल्या, छातीवर हात ठेवून. ते बाहेर आले, त्यांनी एक नजर बायकोकडे टाकली आणि पेटीतली तीच बाटली काढली. झाकणात चार गोळ्या घेतल्या, तिच्या जिभेवर सोडल्या. निभादेवींनी डोळे मिटले. हळूहळू श्वास खाली बसला.

"काही म्हण बौमा," त्या आत जाता जाता म्हणाल्या, "यांच्या या औषधाला तोड नाही."

दार लागलं. हरिसाधनबाबू बाटलीचं झाकण लावत होते. अंगणात पुपुल एकदा शिंकली, आणि पौलमीच्या पोटात नेहमीचा गोळा आला.

"बाबा," ती म्हणाली आणि तिने जीभ पुढे केली.