दोन मार्कांनी नापास भानूमावशी

भानूमावशीने क्लासच्या पहिल्याच दिवशी सरांच्या खिशात हात घातला.

सर फळ्यावर ‘औषध म्हणजे काय?’ असं लिहून वळले, तेवढ्यात पहिल्या बाकावरची ही पन्नाशी उलटलेली बाई उठली आणि त्यांच्या शर्टाच्या खिशातून डोकावणारी गोळ्यांची स्ट्रिप तिने उपसून घेतली. उजेडाकडे धरून म्हणाली, “सकाळची बीपीची गोळी हाय ही. अकरा वाजले. घेतली?”

“विसरलो,” सर म्हणाले.

“मंग आदी घ्या. औषध म्हंजे काय ते मागनं सांगा.”

सरांनी मुकाट गोळी घेतली. पाणीही मावशीच्याच बाटलीतलं.

बोईसर स्टेशनजवळ चपलांच्या दुकानाच्या वर दोन खोल्यांत आमचा क्लास भरायचा. सहा महिन्यांत मेडिकल दुकानातला सहायक तयार करायचा, म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठी वाचायची, औषध शोधायचं, फार्मासिस्टला दाखवून मगच गिऱ्हाइकाला द्यायचं. मी उमरोळीची, मुलगी शाळेत जायला लागली म्हणून आलेली. बाकी सगळी विशीतली पोरं. आणि मावशी, मुरब्याची कोळीण. तारापूरच्या एमआयडीसीत एका औषध कंपनीत तिने अठ्ठावीस वर्षं गोळ्या पॅक केल्या होत्या. कंत्राट संपलं आणि ती थेट इथे आली. दहावीची मार्कशीट प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणली होती. “गणितात पस्तीस हाईत,” तिने सरांना बजावलं, “पण माझे सोताचे.”

आम्हाला ती नावाने हाक मारायची नाही. मी ‘उमरोळी’, मागच्या बाकावरची दोघं ‘दातिवरे’ आणि ‘पालघर’. गोरखपूरहून आलेल्या एका पोराच्या गावाचं नाव तिला नीट घेता येईना म्हणून तो ‘लांबचा’.

सरांशी तिचं रोज वाजायचं. ज्या मालाची तारीख आधी संपते तो पुढे मांडायचा, हा नियम सरांनी तीन परिच्छेदांत लिहून दिला. मावशीने वहीत एकच ओळ लिहिली: ‘आदी मरणार तो दारात.’ इन्सुलिन फ्रिजमध्ये कुठे ठेवायचं यावर सर बोलू लागले, तर ही म्हणाली, “बर्फाला चिकटवू नका म्हंजे झालं. मासळीला चालतं, याला नाय चालत.” सर थोडा वेळ पुस्तकात शोधत राहिले. बरोबर होतं.

नंतर दोन महिने प्रत्यक्ष काम शिकायला आम्हा दोघींना देसाईंच्या मेडिकलमध्ये पाठवलं. देसाई स्वतः फार्मासिस्ट, सज्जन माणूस, आवाज बेताचा. मावशीचा आवाज बंदरावर कमावलेला. कुणी भाव कमी करायला लागलं की ती म्हणायची, “औषध हाय, बोंबील नाय.” पलीकडच्या रिक्षा स्टँडवरही ऐकू जायचं. एका कामगाराने चिठ्ठीशिवाय मागितलं, “मावशी, कडकवाली गोली दो.”

“कडक चाय होता हाय. गोली डाक्टर बोलेगा ती.”

“पहले तो मिलता था.”

“पयले मी नव्हते.”

गिऱ्हाईक तुटतंय म्हणून देसाई कपाळाला हात लावायचे. पण एकदा डोंगराकडचे एक आजोबा पिशवी घेऊन आले. पिशवीत दोन कंपन्यांच्या दोन स्ट्रिप. नावं वेगळी, आत औषध एकच, आणि आजोबा दोन्ही घेत होते. “चक्कर येते,” एवढंच ते म्हणाले होते. मावशीने बारीक अक्षरं वाचली आणि जेवायला बसलेल्या देसाईंना उठवून आणलं. देसाईंनी लगेच डॉक्टरांना फोन लावला. त्या दिवसानंतर ते तिच्या आवाजाबद्दल काही बोलले नाहीत.

एवढी हुशार बाई परीक्षेत नापास झाली.

मी पास झाले आणि देसाईंकडेच कामाला लागले. ‘लांबचा’सुद्धा पास झाला. त्याला सगळं मावशीनेच शिकवलं होतं. मावशी मात्र पुन्हा सहा महिने क्लासला बसली आणि पुन्हा नापास झाली. तेव्हा सरांनी मला बोलावून तिचे दोन्ही पेपर समोर ठेवले. सुरुवातीची उत्तरं सरांनी दिलेल्या नोट्सपेक्षा बरी होती. पुढची पानं कोरी. पास व्हायला चाळीस मार्क लागायचे. तिला दोन्ही वेळा अडतीस.

“इतकं मोजून नापास व्हायला पास होण्यापेक्षा जास्त अभ्यास लागतो,” सर म्हणाले. “तू विचार तिला. मला भीती वाटते.”

रविवारी मी मुरब्याला गेले. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा सुरतेला, सून-नातवंडं तिकडेच. मावशी अंगणात सुकट निवडत होती. आत टीव्ही मोठ्याने चालू होता, समोर कुणी नव्हतं.

मी विचारलं. आधी ती चिडली. “उमरोळी, तू माझी मास्तरीण?” मग पुन्हा सुकट निवडायला लागली.

“कंपनीत टोपी, मास्क, हातमोजे,” ती खाली बघत म्हणाली. “डोळे तेवढे दिसायचे. सायबाला चेहरा म्हाईत नाय, नाव म्हाईत नाय. एकशेबारा म्हणायचे. घरात म्हटलं तर आये, नायतर आजी. तीपण फोनवर. सर रोज हजेरी घेतात ना. भानुमती काशिनाथ तांडेल. आक्कं नाव. पास झाले तर कोण घेणार?”

मी सुकटातले खडे काढत बसले. निघताना तिने मला बांगडा तळून वाढला आणि दोन मार्कांबद्दल कुणाला सांगू नको म्हणाली.

मी सरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. दुसऱ्या दिवशी ते मावशीला एवढंच म्हणाले, “औषधांची मांडणी नि साठवण पुढच्या बॅचला तुम्ही शिकवा. माझ्या हजेरीपटात शिक्षकांचं पानही असतं. पण प्रमाणपत्र लागेल.”

तिसऱ्या खेपेला तिला ब्याण्णव मार्क पडले. उरलेले आठ तिच्या अक्षराने खाल्ले.

प्रमाणपत्रं वाटायच्या दिवशी मी देसाईंकडून सुट्टी काढून गेले. पोरं नाव ऐकताच धावत पुढे जात होती. मावशी नवी नऊवारी नेसून, डोक्यात अबोलीची वेणी माळून माझ्या शेजारी बसली होती.

“भानुमती काशिनाथ तांडेल,” सर म्हणाले.

ती हलली नाही. सगळे मागे वळून बघायला लागले. मी तिला कोपराने ढोसलं. “मावशी, तुमचं नाव घेतलं.”

“आयकलं गं,” ती हळूच म्हणाली. “अजून एकदा घेऊ दे.”