योगिता मॅडमच्या मिशा

बायकोनं वकील व्हायचं ठरवलं तेव्हा मी तिला एवढंच म्हणालो, "कोर्स मात्र मी निवडणार." हे वाक्य माझ्या तोंडातून निघालं नसतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण नको ती वाक्यं नको तेव्हा बोलण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

योगितानं बी.ए. केलं ते लग्नानंतर, दोन पोरं सांभाळून. आता तिला तीन वर्षांच्या लॉला प्रवेश घ्यायचा होता आणि त्यासाठी आधी सीईटी द्यावी लागते. बीडमध्ये क्लासेस आहेत, पण त्यांच्या वेळा नेमक्या पोरांच्या शाळेच्या आणि माझ्या डब्याच्या. म्हणून ऑनलाइन कोर्स करायचं ठरलं.

"मी बघते ना माझं," ती म्हणाली. "डेमो बघून ठेवलेत मी."

"तुला काय कळतंय त्यातलं? जाहिरातीला भुलशील."

(मी बी.कॉम. आहे. एका सरकारी कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर बसतो. कुणालाही मोबाइल घ्यायचा असला की तो आधी मला विचारतो आणि मग दुसराच घेतो.)

मी कामाला लागलो. जेवढी ॲप सापडली तेवढी फोनमध्ये भरली. प्रत्येक ॲप राज्यात एक नंबर होतं. प्रत्येकाचा विद्यार्थी राज्यात पहिला आला होता. बारकाईनं बघितलं तर बऱ्याच ठिकाणी तो एकच मुलगा होता, फक्त शर्ट वेगळा. आठवडा गेला तरी मला काही ठरवता येईना आणि योगिता रोज विचारायची, "झाला का निवडून?" मी म्हणायचो, "अभ्यास चालू आहे." माझा अभ्यास संपल्याशिवाय तिचा सुरू होणार नव्हता.

शेवटी ऑफिसातल्या अभिमन्यूनं मार्ग सांगितला. "बजरंग, फुकटची लेव्हल टेस्ट असती ना बे त्याच्यात. दिऊन बघ. पेपर कसा काढत्यात त्याच्यावरून कोर्स कळतो."

रविवारी दुपारी योगिता पोरांना घेऊन बारशाला गेली होती. मी पोटभर जेवलो होतो. बनियनवर पलंगावर आडवा झालो, फोन उशीला टेकवला आणि त्यातल्या त्यात बऱ्या वाटणाऱ्या ॲपवर टेस्ट उघडली. (ॲपचं नाव सांगत नाही. त्यांची बिचाऱ्यांची काहीच चूक नव्हती.) विद्यार्थ्याचं नाव विचारलं, मी 'योगिता' टाकलं. विद्यार्थ्याचा मोबाइल म्हणून माझा नंबर दिला. मग पालकाचा मोबाइल मागितला, आणि तो वेगळाच पाहिजे म्हणे. मला तोंडपाठ असलेला दुसरा नंबर एकच, माझे सासरे आप्पाराव यांचा. तो अख्ख्या तालुक्याला पाठ आहे. वाढदिवसाच्या प्रत्येक बॅनरवर असतो, त्यांच्या जीपच्या मागेही रंगवलेला आहे. मी तो टाकून दिला. त्यानंतर फोन काय काय परवानग्या मागत गेला आणि मी सगळ्यांना 'हो' म्हणत गेलो. ऑफिसात मी कधी कुणाला इतक्या लवकर परवानगी मिळू दिलेली नाही.

टेस्टबद्दल फार बोलत नाही. कायद्याचे प्रश्न आले, ते मला येत नव्हते. इंग्रजीचे आले, ते वाचता आले. नात्यांच्या कोड्यापर्यंत पोचलो तेव्हा डोळे मिटायला लागले होते. जाग आली तेव्हा स्क्रीनवर निकाल होता. मी तो एकदाच बघितला आणि ॲप उडवून टाकलं. ॲप उडवलं की सगळं उडतं अशी माझी समजूत होती.

दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी दारात जीप थांबली. आप्पाराव पालीहून आले होते. सासरे पालीचे माजी सरपंच. आवाज असा की समोरासमोर बोलले तरी शेजारच्या गल्लीत निरोप पोचतो. फोन ते कधीच कानाला लावत नाहीत, सगळं स्पीकरवर. लेक वकील होणार हे त्यांनी सीईटीच्या आधीच गावभर सांगून ठेवलं होतं, भांडणवाल्या लोकांना "जरा थांबा, आमची योगिता लढवील" असा सल्लाही देऊन ठेवला होता.

"कावून गं, चारचौघांत माझं नाक कापलंस?" उंबऱ्यातूनच त्यांनी सुरुवात केली.

"काय झालं आप्पा?"

"हाटेलात बसलतो. धा-बारा माणसं सोबत. कोर्सवाल्या बाईचा फोन आला. म्हणली, योगिता मॅडमचा पाया लई कच्चा हाय. त्यान्ला सातवी-आठवीपासून सुरुवात करावी लागंल. समदी माणसं चहा खाली ठिवून ऐकत व्हती!"

"पण मी कुठलीच टेस्ट दिली न्हाई."

"मंग ती बाई सपनात बगून बोलली का? झेपत न्हाई तर झेपत न्हाई म्हण. बापाशी खोटं कावून बोलतीस?"

योगिताचा चेहरा पडला. तिनं माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात चहाचा कप होता. मी त्यात बघत राहिलो. आता सांगावं, या घोटानंतर सांगावं, असं करत कप संपत आला आणि तेवढ्या वेळात आप्पांनी तिला आणखी एकदा खोटारडी म्हटलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी कपात बघत होतो. त्या चहाची चव मला आजही सांगता येणार नाही.

योगितानं डोळे पुसले आणि हात पुढे केला. "आप्पा, फोन द्या तुमचा. त्याच नंबरला लावते."

मी घाईनं म्हणालो, "आता ऑफिस बंद झालं असेल त्यांचं."

पलीकडून लगेच गोड आवाज आला. "नमस्कार, मी वैष्णवी, तुमची काउन्सेलर."

"मी योगिता. मी टेस्ट दिली न्हाई आणि तुमी माझ्या वडिलांना निकाल सांगितला."

"असं कसं होईल मॅडम? रिपोर्ट कॉम्प्युटर काढतो. आणि आपली टेस्ट कॅमेऱ्यासमोर होते, रेकॉर्डिंग असतं. थांबा, उघडते." कीबोर्डची टकटक ऐकू आली. मग आवाज एकदम हळू झाला. "मॅडम... एक विचारू का? राग मानू नका."

"विचारा."

"तुम्हाला मिशा आहेत का?"

आप्पांनी लेकीकडे बघितलं. मग दोघांनी मिळून माझ्याकडे बघितलं. मी नकळत ओठांवर हात ठेवला. त्याचा काही उपयोग झाला नाही.

"पाठवा ते रेकॉर्डिंग," योगिता म्हणाली.

आधी आमचं छत दिसलं. मग पंखा. मग मी, बनियनवर, कानात करंगळी घातलेली. नात्याचं कोडं चालू होतं. क हा ख चा सासरा, ग ही ख ची बायको, तर ग च्या भावाची आत्या क ची कोण? आणि मी मोठमोठ्यानं सोडवत होतो. (एकटा असलो की मी मोठ्यानं विचार करतो. कॅमेऱ्याला कान असतात हे मला माहीत नव्हतं.)

"समजा, क मंजे आमचा सासरा. बोलाय लागला की पाणी प्यायलासुदीक थांबत न्हाई. ख मंजे मी, गरीब माणूस. आता आत्या... आत्या मंजे ती रतनबाई. लग्नात लाडवावरनं रुसलेली. तिला आपण नात्यात धरतच न्हाई. उत्तर: यापैकी एकही नाही."

त्यानंतर फक्त घोरणं होतं. वैष्णवी फोनवर होतीच. कर्तव्य म्हणून तिनं माहिती दिली, "सर, उमेदवार इथे झोपले. फोन गालाखाली गेलाय. पण झोपल्यानंतरची उत्तरं बरोबर आलीत."

आप्पाराव गप्प बसले. लग्न झाल्यापासून मी त्यांना पहिल्यांदाच गप्प बघत होतो. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ते उठले, लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि अगदी हळू म्हणाले, "चुकलं बाई माझं." ज्या माणसानं निवडणूक हरल्यावरसुद्धा चूक मतदारांची काढली होती, तो हे म्हणाला. आणि ज्यानं म्हणायला पाहिजे होतं, तो कप विसळायला मोरीत गेला.

जीप गेल्यावर योगिता मोरीच्या दारात आली.

"टेस्टचं जाऊ द्या. आप्पा मला खोटं म्हणत होते, तवा तुमी कपात काय बघत होतात?"

मी विसळलेला कप पुन्हा विसळायला घेतला. त्या प्रश्नाला पर्यायही नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी तिची नीट माफी मागितली. ती "बरं" म्हणाली आणि पोरांचा अभ्यास, दूध आणि संध्याकाळचा भात माझ्याकडे दिला. मग स्वतः फोन घेऊन बसली. नोट्स मराठीत आहेत का, लाइट गेली तर लेक्चर नंतर बघता येतं का, अडलं तर कोण सांगणार, शिकवणारे तेच राहणार की बदलणार, असं चार ठिकाणी विचारलं आणि संध्याकाळच्या आत कोर्स ठरवला. मी आठवडाभरात यातलं एकही कुणाला विचारलं नव्हतं. मी फक्त कोणता मुलगा पहिला आला ते बघत होतो.

ती अभ्यासाला बसली की दार लावून घ्यायची. मी बाहेर पोरांचे पाढे घ्यायचो, भात करपवायचो. आप्पाराव अधूनमधून यायचे, माझ्याशी अगदी सभ्यपणे दोनच शब्द बोलायचे आणि प्रत्येक वेळी मुद्दाम पाणी मागून घ्यायचे.

सीईटीचं सेंटर बीडलाच आलं. मी तिला गाडीवरून सोडलं. गेटवर तिनं गोंधळलेल्या दोन पोरींना सीट नंबर कुठे बघायचा ते समजावलं आणि मागे न बघता आत गेली. मी बाहेर झाडाखाली पालकांमध्ये जाऊन बसलो. शेजारी अंबाजोगाईकडचे एक गृहस्थ होते, लेकीला घेऊन आलेले. त्यांनी आत जाणाऱ्या योगिताकडे बघून मान डोलावली.

"पोरगी धीट हाय तुमची."

बायको आहे म्हणून सांगायला तोंड उघडलं. पण मग माझ्या पांढऱ्या झालेल्या केसांचा विषय निघाला असता, आणि ऊनही फार होतं. मी नुसती मान हलवली.

"अभ्यासात कशी हाय?"

"लई हुशार," मी म्हणालो. हे मात्र अगदी मनापासून. "आमच्या घरात तिच्याएवढं डोकं कुणालाच न्हाई."

गृहस्थांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. सावकाश बघितलं.

"आईवर गेली असंल," ते म्हणाले.