करंगळीएवढा पट्टा

"कॉम्प्रेसर केवढा आहे तुमचा?" काउंटरपलीकडून राउशानबाईंनी विचारलं आणि बिसेनने थाप मारली.

"मोठा आहे. चांगला दणकट."

थापेचं कारण त्याच्या पाठीमागेच उभं होतं. रस्त्यापलीकडचा वेल्डर, बिसेनच्याच धंद्यातला साबित, नटबोल्ट घ्यायला आला होता आणि नटबोल्ट घेऊन झाले तरी हलत नव्हता. बिसेनचा कॉम्प्रेसर मोटारीच्या चाकात हवा भरण्यापुरता होता. पण साबितच्या देखत हे कबूल करणं त्याच्या जिवावर आलं.

काउंटरवर तीन यंत्रं मांडलेली होती. तिन्ही हवेवर चालणारी, हातात धरायची, पुढे लांब नाकाड आणि त्यावरून गरगर फिरणारा घासपट्टा. एकाचा पट्टा दोन बोटं रुंद होता. दुसरं स्वस्त होतं, पण त्याचं नाकाड ताठ, कुठे वळायला तयार नाही. तिसऱ्याचा पट्टा करंगळीएवढा आणि नाकाड हवं तसं फिरणारं.

"घासायचं काय आहे?"

"स्टेनलेसची जाळी. सांध्यांच्या कोपऱ्यात ग्राइंडर शिरत नाही."

"कशाची जाळी?"

"दादाची," बिसेन म्हणाला.

राउशानबाईंनी पहिली दोन यंत्रं मुकाट्याने उचलून खाली ठेवली. "मग हेच न्या. विजेच्या मशीनपेक्षा हलकं आहे, बारीक जागेत शिरेल. पण हवा फार पितं. कॉम्प्रेसर लहान असेल तर धापा टाकेल. आणि पट्टे कोरेच लावा. साध्या लोखंडाला लागलेला पट्टा स्टेनलेसवर फिरवलात तर गंज धरलाच समजा."

"आता त्याला शिकवता का बाई?" साबित मागून म्हणाला. "बिसेनकडे सगळं आहे. दणकट आहे."

बिसेनने यंत्र काखेत मारलं आणि तो बाहेर पडला.

दादा म्हणजे झारास. आमच्या अराल्स्कला समुद्र होता त्या काळात जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात तो वेल्डिंग तपासायचा. पुढे समुद्र निघून गेला, जहाजं वाळूत बसली, कारखान्याला कुलूप लागलं, पण झारासची तपासणी काही सुटली नाही. धाकट्या भावाने केलेल्या प्रत्येक फाटकावरून, प्रत्येक खाटेवरून तो बोट फिरवायचा. बोट सांध्याशी अडायचं आणि झारास नाकातून म्हणायचा, "हुं." चांगलं नाही, वाईट नाही, नुसतं हुं. घरातही तेच. रश्शाचा पहिला घोट घेतला की "हुं," आणि उल्बोसिनवहिनी चुलीकडून मान न वळवता विचारायच्या, "मीठ कमी झालं का?" त्या दोघांचा संसार बहुतेक एवढ्याच संभाषणावर झाला. शेवटी इस्पितळात डोळे मिटायच्या आदल्या दिवशी त्याने पलंगाच्या दांडीवरून बोट फिरवलं होतं आणि तिथेही तेच म्हटलं होतं. बिसेनला तेवढ्यातही जरा बरं वाटलं, कारण तो पलंग त्याने केलेला नव्हता.

आता शनिवारी झारासचं वर्षाचं जेवण होतं. जेवणासाठी कापायचा घोडा ठरला होता, पाहुणे निघाले होते, आणि त्याआधी कबरीभोवती कुंपण उभं राहायला हवं होतं. आमच्याकडचा वारा मीठ घेऊन येतो आणि साधं लोखंड बघता बघता खाऊन टाकतो, म्हणून बिसेनने स्टेनलेस घेतलं. जाळी आमच्या गोल तंबूच्या भिंतीतल्या लाकडी जाळीसारखी, तिरक्या पट्ट्यांची, आणि तिला सांधेच सांधे. त्यातला एकही सांधा बोटाला लागता कामा नये, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं. आयुष्यात एकदा तरी दादाच्या बोटाला काही सापडू नये, एवढंच त्याला हवं होतं. ते बोट आता उरलेलं नाही, ही गोष्ट तो जमेस धरत नव्हता.

यंत्र सुरेख होतं. खटका दाबला की किंचाळायचं, कोपऱ्यात नाक खुपसायचं आणि सांधा होता कुठे ते शोधावं लागायचं. पण एक सांधा पुरता होतो न होतो तोच कॉम्प्रेसरने मान टाकली. पट्टा रेंगाळला, थांबला. टाकी पुन्हा भरेपर्यंत बिसेन उकिडवा बसून राहिला. मग अर्धा सांधा झाला. मग पुन्हा बसणं.

"या चालीने माझंच वर्षाचं जेवण उरकेल," तो बायकोला म्हणाला.

"साबितचा आणा मागून," कुल्पाश म्हणाली.

"त्याला सांगितलंय माझा मोठा आहे."

"का सांगितलं?"

गावात दुसरा मोठा कॉम्प्रेसर एकाकडेच होता. कुल्पाशच्या ते लक्षात आलं आणि तिने हातातलं पीठ तसंच परातीत टाकलं.

"कैरोल्लाला बोलवायचं नाही! अहो, त्याचा तिसरा शिल्लक आहे!"

आमच्यात भाच्याला मामाच्या घरातून तीनदा हवी ती वस्तू मागून नेता येते आणि मामाला नाही म्हणता येत नाही. म्हटलं तर मामाचा हात थरथरायला लागतो, असं म्हातारे सांगतात. वेल्डरला ते परवडण्यासारखं नाही. बिसेनच्या थोरल्या बहिणीचा हा कैरोल्ला, टायरच्या दुकानाचा मालक, पोट सुटलेला, स्वतः दोन पोरींचा बाप. पहिल्या खेपेला पोरवयात त्याने झारासमामाचं शर्यतीचं शिंगरू मागितलं, तेही शर्यतीच्या आदल्या दिवशी. दुसऱ्या खेपेला स्वतःच्या लग्नात बिसेनमामाचा टीव्ही. तिसरी खेप त्याने राखून ठेवली होती, आणि तेव्हापासून त्याच्या गाडीचा आवाज आला की या घरात नवी वस्तू उघड्यावर राहत नसे.

गुरुवारी कैरोल्ला कॉम्प्रेसर ओढत आला तेव्हा चहाचा नवा समोवर गोधडीखाली गेला होता, भिंतीवरचा गालिचा उलटा टांगलेला होता आणि बिसेन शेडचं दार आतून लावून बसला होता.

"कशाला हवाय एवढा?" कैरोल्लाने विचारलं.

"रंग मारायचाय त्यांना," कुल्पाश म्हणाली. "ठेवून जा तू. उद्या पोचवतो."

"नवा आहे मामी. असा टाकून कसा जाऊ? बसतो की इथेच."

तो अंगणात ऐसपैस बसला. कुल्पाशने जुन्या काळ्या किटलीतून चहा ओतला, तळलेले बाउरसाक पुढे केले. शेडमधून किंकाळी उठली.

"काय केकाटतंय आत?"

"रंग."

"रंग ओरडत नाही मामी."

"मग मामा ओरडत असतील. वय झालं त्यांचं."

बिसेन पाणी प्यायला बाहेर आला. त्याच्या मिशा, भुवया, टोपी, सगळ्यावर चकचकीत भुकटी बसली होती.

"चंदेरी रंग घेतलात वाटतं," कैरोल्ला म्हणाला.

"हो," बिसेन म्हणाला आणि घाईने परत आत गेला.

काम झपाट्याने होत होतं. दुपार कलायच्या आत एकच कोपरा उरला. पण भाच्याचा कॉम्प्रेसर खरोखरच दणकट होता आणि मामाची रबरी नळी चाकात हवा भरायच्या लायकीची. ती जोडापाशी सुटली आणि शेडभर फटके मारत सुटली. डबे पडले, पत्रा वाजला, बिसेन जिवाच्या आकांताने ओरडला. कैरोल्लाने एका धक्क्यात दार उघडलं, धावत जाऊन हवा बंद केली आणि वळून बघितलं. भिंतीला पाठ लावून मामा उभा होता आणि त्याचे दोन्ही हात मागे होते.

"मामा, मागे काय आहे?"

"काही नाही."

"दाखवा."

पिकल्या मिशांच्या बिसेनने चोरी पकडलेल्या पोरासारखं यंत्र पुढे केलं. कैरोल्लाने ते हातात घेतलं, नाकाड फिरवलं, खटक्यावर अंगठा ठेवून बघितला. दारात कुल्पाश पुटपुटली, "गेलं."

"शनिवारपर्यंत थांब रे," बिसेन म्हणाला. "हात जोडतो. दादाच्या कुंपणाचा एवढा एक कोपरा राहिलाय."

"मामा, तिसरा मागतो."

"माग," बिसेन म्हणाला.

"हा कोपरा मला घासू द्या."

बिसेनला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"तू मशीन घे ना! खरंच घे. पट्टे देतो सगळे, कोरे आहेत."

"मशीन नको. मोठ्या मामांचं शिंगरू मी नेलं तेव्हा लगाम त्यांनी आपल्या हाताने दिला. मला वाटलं हुं तरी करतील. तेही केलं नाही. दफनाला मी बाहेरगावी होतो, मूठभर माती टाकली नाही मी." कैरोल्लाने यंत्र छातीशी धरलं. "नाही म्हणता येणार नाही तुम्हाला."

येत नव्हतंच. बिसेनने सुटलेली नळी मुळापाशी छाटून दुहेरी पट्टीने आवळली, नवा पट्टा चढवला, हवेचा दाब स्वतः कमी केला आणि सांगितलं, "नुसतं टेकव. जोर लावायचा नाही. मशीन आपली आपण चालते." कैरोल्लाने आयुष्यभर टायर उपटले होते. नुसतं टेकवणं त्या हातांना माहीत नव्हतं. डोळ्यांत पाणी आणि यंत्रावर सगळं वजन, असा तो वाकला. यंत्र किंचाळलं आणि बिसेनने तोंड फिरवलं.

"झालं?"

"झालं," कैरोल्ला नाक पुसत म्हणाला. "बघा, गुळगुळीत झालं ना?"

"गुळगुळीत झालं," बिसेन बघितल्याशिवाय म्हणाला.

कुल्पाशने गोधडी फेकली, गालिचा सुलटा केला आणि अंगणात समोवर मांडला.

"हा कधी घेतला मामी?"

"झाली की बरीच वर्षं."

"आणि मला एवढी वर्षं काळ्या किटलीतला चहा?"

"हो," कुल्पाश आनंदाने म्हणाली. "आता संपले तुझे तिन्ही."

कैरोल्लाने कप भरून घेतला. "माझे संपले. परवा जेवणाला आमचा धाकटा भाऊ येतोय. त्याने अजून एकही मागितलेलं नाही."

कुल्पाश उठून गोधडी शोधायला गेली.

शनिवारी कबरस्तानात वारा सुटला होता. मुल्लांचं पठण झालं, सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले. मग माणसं कुंपणाभोवती जमली. साबितने हळूच बोट लावलं आणि एका बाजूने सुरुवात केली. ही बाजू, ती बाजू, वरची पट्टी. तीन कोपरे झाले आणि बोट कुठे अडलं नाही. चौथ्यापाशी पोचायच्या आत त्याने हात खिशात घातला. "मोठाच आहे बाबा तुझा कॉम्प्रेसर," तो म्हणाला आणि बाजूला झाला.

बिसेन चौथ्या कोपऱ्यापाशी उभा होता. त्याला हात लावायचा नव्हता. पण बोट आपणहून गेलं, जाळीवरून सरकलं आणि कोपऱ्यात उतरलं. तिथे खळगा होता, बोटाचं टोक बरोबर बसेल एवढा.

"हुं," बिसेन म्हणाला.

म्हणाला कसला, ते त्याच्या नाकातून निघालं. तसंच, त्याच सुरात, जसंच्या तसं. तो स्वतःच दचकला.

उल्बोसिनवहिनी बायकांबरोबर पलीकडे पाठमोऱ्या उभ्या होत्या आणि वाऱ्याने सुटलेला पांढरा रुमाल डोक्याला बांधत होत्या. त्यांनी मान वळवली नाही.

"मीठ कमी झालं का?" त्यांनी विचारलं.

रुमालाच्या गाठीवर वहिनींचे हात तसेच थांबले. कैरोल्ला खाली वाळूत बघत राहिला. बिसेनचं बोट अजून त्या खळग्यातच होतं आणि ते काढावं असं त्याला वाटेना.

"नाही वहिनी," तो म्हणाला. "बरोबर आहे."